वर्गातली ऊब



पौषातल्या शनिवारची सकाळ जरा आठवून पाहा. शाळा सकाळची भरलेली. पोरं कानाला रुमाल बांधून, हात बगलेत घालून आलेली. प्रार्थना होते, हजेरी होते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या गणितालाच गुरुजी खडू खाली ठेवतात. "चला रे, बसकरं उचला. बाहेर बसू." मग सगळा वर्ग शाळेच्या दक्षिणेकडच्या भिंतीला पाठ लावून उन्हात बसतो, आणि पाच मिनिटांपूर्वी ज्यांच्या बोटांतून पेन्सिल गळत होती ती पोरं खणखणीत आवाजात पाढे म्हणू लागतात.

मराठवाड्यातल्या ज्या गावात मी शिकलो तिथं हे दर हिवाळ्यात व्हायचं. आम्हाला वाटायचं, गुरुजींना उन्हात बसायची हौस आहे. पुढे पदार्थविज्ञान शिकलो, आता ते शिकवतोही आहे, आणि त्या सकाळी गुरुजींनी काय केलं ते आता उमगतं. रात्रभर गार पडलेल्या भिंतींच्या मधून त्यांनी आम्हाला उठवलं आणि सूर्यानं तापवलेल्या भिंतीला टेकवून बसवलं. शेकोटी नाही, शेगडी नाही, दमडीचा खर्च नाही.

पण एक प्रश्न मागे राहतो. भिंत एकच, सूर्यही एकच. भिंतीच्या बाहेर ऊब, आणि भिंतीच्या आत, जिथं मुलांनी बसून शिकावं म्हणून आपण ती इमारत बांधली, तिथं मात्र काकडा. बांधतानाच ती ऊब आत घेता आली नसती का?

आपल्याकडे हा प्रश्न फार तर महिना-दीड महिन्याचा. निफाडकडे पारा पाच अंशांच्या खाली उतरल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, पण दहा वाजता ऊन चढलं की आपलं निभावतं. आणि जे निभावतं त्याच्यावर माणूस फारसा विचार करीत नाही. म्हणून या प्रश्नाचं उत्तर पाहायचं तर जिथं तो निभावत नाही अशा ठिकाणी गेलं पाहिजे. तसं ठिकाण आपल्याच देशात आहे. मी लडाखबद्दल बोलतो आहे.

लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहूनही उंच. जानेवारीतल्या रात्री तिथं पारा शून्याखाली पंधरा-वीस अंश जातो. शाळा साधारण डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत बंदच असतात. आपल्याकडे उन्हाळ्याची सुटी, तशी ती तिकडची हिवाळ्याची सुटी. श्रोत्यांत जे शिक्षक असतील त्यांना अडीच महिने म्हणजे काय हे मी सांगायला नको. शिवाय सुटीच्या अलीकडचे आणि पलीकडचे काही आठवडे असे, की शाळा उघडी आहे, मूल आलेलं आहे, पण त्याचं सगळं लक्ष स्वतःच्या बोटांकडे आहे.

तिथं ऊब मिळवायचं नेहमीचं साधन म्हणजे बुखारी. पत्र्याची शेगडी, तिला वर धुराडं. मार्चच्या आरंभी मी लेहला एका घरी चार दिवस उतरलो होतो, तेव्हा या बुखारीशी माझी चांगली ओळख झाली. तिच्याकडे तोंड करून बसलं की गाल भाजतात आणि पाठ गारठते. पाठ फिरवली की उलट. घरातल्या आजी तिच्यात लाकडाचे तुकडे आणि वाळलेलं शेण घालीत. माणसं सगळी त्या एका खोलीत. बाकीच्या खोल्या असून नसल्यासारख्या. रात्री बुखारी विझली की अर्ध्या तासात खोली पुन्हा होती तशी. सकाळी भांड्यातल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा.

हीच बुखारी वर्गात ठेवली तर काय होईल ते डोळ्यांपुढे आणा. पुढच्या दोन ओळी शेकतात, मागच्या ओळी कुडकुडतात, आणि झाकण नीट बसलं नाही तर धूर मात्र सगळ्यांच्या वाट्याला सारखा येतो. त्यात त्या मुलखात झाडं थोडी. शेण जाळलं तर शेत उपाशी. रॉकेल, कोळसा, गॅस हे सगळं खिंडी ओलांडून ट्रकने वर न्यायचं, आणि हिवाळ्यात खिंडींवर बर्फाचं राज्य. तेव्हा आणखी मोठी बुखारी आणा, हे उत्तर तिथं चालत नाही.

बुखारी विझताच खोली इतक्या लवकर गार का होते, हे एकदा समजलं की पुढचं सगळं सोपं आहे. समजा, आपला वर्ग सहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि तीन मीटर उंच आहे. त्यात मावणाऱ्या हवेचं वजन सुमारे शंभर किलो. आता त्याच वर्गाची दहा चौरस मीटरची एक मातीची भिंत घ्या, एक फूट जाडीची. तिचं वजन पाच हजार किलोंच्या घरात. एक अंश तापवायला भिंतीला हवेच्या चाळीसपट तरी उष्णता लागते, आणि गार होताना ती तेवढीच परत देते. बुखारी तापवते ती मुख्यतः हवा. हवेची पुंजी ती केवढी! दार एकदा उघडलं की निम्मी बाहेर. भिंती मात्र गारच राहिलेल्या असतात, आणि माणूस गार भिंतीजवळ बसला की त्याच्या अंगाची ऊब त्या भिंती ओढून घेतात. म्हणजे उबदार खोली याचा अर्थ उबदार भिंती, उबदार जमीन. हवा आपोआप मागून येते.

आता एवढ्या भिंती तापवायच्या कशानं? लडाखात पाऊस नाही, झाडं नाहीत, सरपण नाही, पण एका गोष्टीची तिथं लयलूट आहे. वर्षातले तीनशेच्या वर दिवस आभाळ स्वच्छ असतं. थंडी कडाक्याची आणि ऊन लखलखीत. सावलीत पाणी गोठतं, आणि दोन पावलांवर उन्हात माणूस कोट काढून बसतो.

शिवाय त्या उन्हाची एक चाल आपल्या उपयोगाची आहे. उन्हाळ्यात सूर्य जवळजवळ डोक्यावरून जातो, हिवाळ्यात तो दक्षिणेकडे कलतो. लेहला २१ जूनच्या दुपारी तो क्षितिजापासून एकोणऐंशी अंश वर असतो, २२ डिसेंबरच्या दुपारी फक्त बत्तीस अंश. म्हणजे दक्षिणेकडच्या भिंतीत मोठी खिडकी ठेवली तर हिवाळ्यातलं तिरपं ऊन पार आतल्या भिंतीपर्यंत पोचतं. उन्हाळ्यातलं उभं ऊन वरच्या वळचणीवरच अडतं. उघडझाप करायला कोणी लागत नाही, पंचांग ते काम करतं.

काचेचं गुपित तर तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. उन्हात उभ्या राहिलेल्या एस.टी.च्या गाडीत, सगळ्या काचा लावलेल्या असताना, एकदा चढून पाहिलं की पुरे. काच ऊन आत सोडते, आतल्या तापलेल्या वस्तूंची ऊब मात्र सहजी बाहेर जाऊ देत नाही.

इथे थोडा हिशेब मांडू या, कारण पुष्कळ जण याच जागी फसतात. दक्षिणेकडे दहा चौरस मीटर काच लावली. लेहच्या स्वच्छ हिवाळी दुपारी उभ्या भिंतीवर चौरस मीटरला सात-आठशे वॅट ऊन पडतं. त्यातलं ऐंशी टक्के आत आलं असं धरलं तर हजार वॅटच्या सहा शेगड्या पेटल्यासारखं झालं, तेही फुकट. सकाळ-संध्याकाळचं कमी धरून दिवसभरात पंचवीस युनिटच्या आसपास ऊब जमा होते. इथपर्यंत सगळे खूष. पण सूर्य डोंगराआड गेला की तीच काच उलटी वागू लागते. आत पंधरा अंश आणि बाहेर उणे पंधरा असले तर एकेरी काचेतून चौरस मीटरला सुमारे पावणेदोनशे वॅट ऊब बाहेर झिरपते. दहा चौरस मीटरमधून सतराशे वॅट, आणि हिवाळी रात्र पंधरा तासांची. गुणाकार करून पाहा. पुन्हा पंचवीस युनिट! दिवसभर मिळवलं ते रात्रीत गेलं. हिशेब ढोबळ आहे, पण त्याचं म्हणणं खोटं नाही. मोठी काच लावली की शाळा उबदार झाली, असं समजणारा माणूस पहाटे गारठणार.

यावर उपाय काय? काच दुहेरी करणं हा एक. दुसरा त्याहून साधा, म्हणजे गोधडीसारखा जाड पडदा, कडेला फट न ठेवता बसवलेला. त्यानं ही गळती निम्म्यावर येते. मात्र तो ऊन उतरताच ओढला पाहिजे आणि सकाळी ऊन पडताच सारला पाहिजे. संध्याकाळी कुणी विसरलं तर रात्रीची ऊब गेली, सकाळी विसरलं तर दिवसाची. एवढ्या खर्चाच्या इमारतीची सगळी भिस्त शेवटी पडद्याच्या दोरीवर आहे, हे मला तरी फार मजेचं वाटतं.

लेहजवळ सिंधू नदीच्या काठी फे नावाचं गाव आहे. तिथं सेकमॉल या संस्थेचं विद्यालय-वसतिगृह आहे. ही संस्था १९८८ साली सोनम वांगचुक आणि त्यांच्या काही सोबत्यांनी सुरू केली. शालान्त परीक्षेत लडाखी मुलांचे गठ्ठेच्या गठ्ठे नापास होत होते, त्या दुःखातून ती निघाली. फे इथल्या इमारती तिथल्याच मातीच्या, तुडवून घट्ट केलेल्या भिंतींच्या. तोंड दक्षिणेला. हिवाळा आला की दक्षिणेच्या अंगाला प्लास्टिकचा पारदर्शक कागद लावून काचघरासारखी पडवी तयार करतात. तिच्यातली गरम हवा आतल्या खोल्यांत घेतात, आणि पडवीतल्या वाफ्यांत भाजीही पिकवतात. उन्हाळा लागला की तो कागद गुंडाळून ठेवतात. बाहेर पाणी गोठलेलं असताना आत मुलं बुखारीशिवाय अभ्यासाला बसतात. २०१६ साली मातीच्या बांधकामांसाठीचा 'टेरा' हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार इथल्या मुख्य इमारतीला मिळाला. पण पुरस्कारापेक्षा मला दुसरी गोष्ट सांगाविशी वाटते. तिथली देखभालीची कामं विद्यार्थीच वाटून घेतात. पडद्याची दोरी मुलांच्या हातात आहे.

लडाखातली दुसरी शाळा तुमच्यापैकी पुष्कळांनी पडद्यावर पाहिलेली आहे, हा पडदा मात्र सिनेमाचा. २००९ साली 'थ्री इडियट्स' हा चित्रपट आला, त्यात शेवटी दिसणारी शाळा ती शे गावची द्रुक पद्म कार्पो शाळा. तिचा पहिला भाग २००१ साली सुरू झाला. लोक तिथं चित्रपटातली भिंत पाहायला जातात. माझ्या मते पाहण्यासारखी भिंत वेगळीच आहे.

या शाळेचा आराखडा करणाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला: कोणत्या खोलीत ऊब कोणत्या वेळी हवी? वर्ग सकाळी भरतो. रात्री तिथं कोणी नसतं. तेव्हा वर्गाला सकाळचं ऊन लवकर मिळायला पाहिजे. म्हणून वर्गाच्या खोल्यांचं तोंड नीट दक्षिणेला न ठेवता तीस अंश पूर्वेकडे वळवलेलं आहे. सूर्य डोंगरावर येताच काचेतून ऊन थेट बाकांवर. वसतिगृहाची गोष्ट उलटी. तिथं मुलं दिवसा नसतात, रात्री झोपायला येतात. म्हणून वसतिगृहाच्या खोल्या बरोबर दक्षिणेला तोंड करून आहेत, आणि त्यांच्या दक्षिणेला जी भिंत आहे तिला ट्राँब भिंत म्हणतात.

ही भिंत समजायला अगदी सोपी आहे. जाड भिंत बांधायची, तिला बाहेरून काळा रंग द्यायचा, आणि तिच्यापुढे थोडी पोकळी सोडून काच लावायची. काळी भिंत दिवसभर तापते. काच तिची ऊब राखते. भिंत जाड, त्यामुळे बाहेरच्या अंगाची ऊब आतल्या अंगाला पोचायला कित्येक तास लागतात. दुपारी बारा-दोनला बाहेर टेकलेली ऊब रात्री मुलं अंथरुणावर पडतात त्या सुमाराला आत उतरते. फ्रान्समधल्या फेलिक्स ट्राँब या शास्त्रज्ञानं १९६७ साली पिरेनीज पर्वतातल्या ओदेयो गावी अशा भिंतीचं घर बांधलं, म्हणून तिला त्याचं नाव. खरं म्हणजे एडवर्ड मोर्स नावाच्या अमेरिकन गृहस्थानं अशाच कल्पनेचं पेटंट १८८१ सालीच घेतलं होतं. कल्पनांचं असंच असतं; ज्याच्या नावावर सातबारा झाला तो मालक.

म्हणजे एकाच शाळेच्या आवारात, एकाच उन्हासाठी, दोन तऱ्हेची बांधणी. आणि वापरलं काय? बाहेरून तिथलाच ग्रॅनाइट दगड, आतून मातीच्या कच्च्या विटा, वर पॉप्लरच्या तुळया, त्यांवर विलोच्या काटक्या आणि वर माती. विलो म्हणजे आपल्या ओढ्याकाठच्या वाळुंजाच्या कुळातलं झाड. मराठवाड्यातल्या, सोलापूरकडच्या श्रोत्यांनी हे वर्णन ऐकलं तर ते म्हणतील, "अहो, हे तर आमचं माळवद!" खरंच आहे ते. माळवदाकडे मी परत येणारच आहे.

त्याआधी वर्गातल्या आणखी एका शेगडीबद्दल सांगितलं पाहिजे. ती प्रत्येक शाळेत असते आणि कोणत्याही अंदाजपत्रकात नसते. मूल स्वस्थ बसलेलं असलं तरी त्याच्या अंगातून साठ-सत्तर वॅट ऊब सतत बाहेर पडत असते. चाळीस मुलं म्हणजे अडीच हजार वॅट. पाण्याच्या गिझरपेक्षाही जास्त!

या हिशेबावर एक आख्खी शाळा उभी राहिलेली आहे. इंग्लंडात लिव्हरपूलच्या समोर, मर्सी नदीच्या पलीकडे वॉलसी म्हणून गाव आहे. तिथं एम्स्ली मॉर्गन या वास्तुशिल्पकारानं १९६१ साली सेंट जॉर्ज शाळेची इमारत बांधली. सूर्याच्या उबेवर चालणाऱ्या शाळांत ती जगातल्या अगदी पहिल्यांपैकी. लेहसारखं ऊन तिथं कुठून आणायचं? डिसेंबरच्या दुपारीही सूर्य तेरा अंशांच्या वर चढत नाही, आणि बरेचदा ढगांमुळे दिसतही नाही. मॉर्गननं दक्षिणेची सगळी बाजू काचेची केली, तीही दुहेरी, दोन काचांमध्ये दोन फुटांची पोकळी. बाकी तिन्ही बाजू आणि छत जाड विटांचं, काँक्रीटचं, आणि त्याला बाहेरून पाच इंच जाडीचं थर्माकोलचं अस्तर. थोडी येणारी ऊब, पण ती बाहेर जाऊ द्यायची नाही. नेहमीची, गरम पाण्याच्या नळांची सोयही करून ठेवली होती. तिची गरज जवळजवळ पडलीच नाही. सूर्य, मुलांची अंगं आणि वर्गातले विजेचे दिवे, एवढ्यावर शाळा चालली. पुढे अभ्यासकांनी हिशेब मांडला तेव्हा दिव्यांचा वाटा बराच मोठा निघाला. ते जुने तारेचे दिवे. उजेड थोडा, ऊब फार. हल्लीचे एलईडी दिवे लावले तर मॉर्गनचा हिशेब चुकेल.

पण त्या शाळेबद्दल एक तक्रारही होती. ऊब राखायची म्हणून खिडक्या बंद, आणि खिडक्या बंद म्हणून हवा कोंदट. वर्गाला वास यायचा. ही तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही. चाळीस मुलं तासभर बंद खोलीत श्वास घेत राहिली की हवा जड होते, मुलं पेंगू लागतात, आणि आपण म्हणतो मुलांचं लक्ष नाही. दुष्काळात विहिरीला झाकण घालावं तशी खोली बुजवून चालत नाही. मग ताजी हवा आणि ऊब यांचं जमायचं कसं? इथं मघाचा भिंतीचा हिशेब कामी येतो. ऊब भिंतीत असली तर दर मधल्या सुटीत पाच मिनिटं सगळ्या खिडक्या सताड उघडाव्यात. सगळी हवा बदलली तरी पुंजीतला चाळिसावा भाग गेला. भिंत तो थोड्या वेळात भरून काढते. ऊब जर नुसती हवेतच असेल, तर खिडकी उघडली की सगळं भांडवल बाहेर. जाड भिंतीच्या वर्गाला मोकळी हवा परवडते ती अशी.

आता घरी येऊ. आपला खरा वैरी थंडी नसून ऊन आहे, हे मला मान्य आहे. विदर्भातल्या आणि मराठवाड्यातल्या शिक्षकांना मी मार्च-एप्रिलमधल्या वर्गाचं वर्णन करून सांगण्याची गरज नाही. पण हिशेब तोच आहे. फक्त जमा आणि नावे यांची अदलाबदल होते. लेहला भिंत महत्त्वाची, आपल्याकडे छत. कारण मे महिन्यात आपल्या प्रत्येक गावावरून सूर्य एक दिवस बरोबर डोक्यावरून जातो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. पुष्कळ शिक्षक मुलांना अंगणात काठी रोवून तो दाखवतातही. त्या दिवसांत भिंतीवर ऊन थोडं आणि छतावर सगळं. आणि छत कशाचं? पत्र्याचं! दुपारी त्याला हात लाववत नाही, आणि तोच तवा मुलांच्या डोक्यावर उलटा धरलेला असतो. रात्री तोच पत्रा सगळ्यांत आधी गार होतो. म्हणजे उन्हाळ्यात भट्टी आणि हिवाळ्यातल्या सकाळी गारठा, दोन्ही त्याचंच देणं.

आमच्या गावातली जुनी घरं माळवदाची होती. तुळया, वर पाला, आणि वर हातभर पांढरी माती. दुपारी आत शिरलं की डोळ्यांवर पाणी मारल्यासारखं वाटायचं, आणि पौषात पहाटे तीच खोली ऊब धरून असायची. माळवदाला दर वर्षी माती टाकावी लागते, गळती काढावी लागते, उंदीर-घुशींचा त्रास असतो. सगळ्यांनी पुन्हा माळवदं बांधावीत असं मी म्हणत नाही. पण त्यातलं जाडीचं शहाणपण टाकून देऊन आपण पत्रा घेतला आणि त्याच्याखाली काहीच लावलं नाही, हे चुकलं. पत्रा असेल तर उन्हाळ्याच्या तोंडी त्यावर चुन्याचे दोन दाट हात द्यावेत. पावसाळ्यात ते धुऊन जातात, म्हणून दर वर्षी द्यावे लागतात. खाली बांबूच्या तट्ट्यांचं छत टाकून मध्ये वीतभर हवा खेळती ठेवावी. फरक पहिल्याच दुपारी कळतो.

हिवाळ्यासाठी तर आपल्याला काच-पडद्याचीही जरूर नाही. आपला हिवाळ्यातला सूर्य दुपारी पंचेचाळीस-पन्नास अंशांवर असतो. दक्षिणेची खिडकी मोकळी असली की पुरे. पण किती शाळांत ती मोकळी असते? तिच्यासमोर कपाट असतं, मोडक्या बाकांचा ढीग असतो, नाही तर ती 'चोरांची भीती' म्हणून कायमची बंद. सकाळच्या शाळेला आग्नेयेकडून ऊन येणारी खोली पहिली-दुसरीच्या मुलांना द्यावी, ऑफिसला देऊ नये. हेडमास्तर मंडळींनी एवढं माझं ऐकावं.

खोल्या नव्यानं बांधायच्या वेळी मात्र आपण फार हळहळण्यासारख्या चुका करतो. एका गावची हकीकत सांगतो. गावाचं नाव सांगत नाही. शाळेला दोन खोल्या मंजूर झाल्या. नकाशा वरून आला. नकाशात खिडक्या दक्षिण-उत्तर होत्या, म्हणजे ठीकच होत्या. पण फाटक रस्त्याच्या बाजूला यावं म्हणून जागेवर कोणी तरी तो नकाशा काटकोनात फिरवला. झालं! दक्षिणेला कोरी भिंत, आणि सगळ्या खिडक्या पूर्व-पश्चिम. आता हिवाळ्यात भर दुपारी त्या खोल्यांत ऊन येत नाही, आणि मार्चपासून तिसऱ्या प्रहरी पश्चिमेचं तिरपं ऊन मुलांच्या तोंडावर. तिथल्या बाईंनी खिडक्यांना गोणपाटं लावली आहेत. मग उजेड नाही म्हणून दिवसाढवळ्या दिवा, आणि वारा नाही म्हणून पंखा. आणि वीज गेली की दोन्ही नाही. खर्च तेवढाच आला होता. सिमेंट तेवढंच, विटा तेवढ्याच. नकाशाचा कागद फिरवला त्याला एक मिनिटही लागलं नसेल. त्या खोल्या आणखी चाळीस वर्षं तरी उभ्या राहतील.

म्हणून शाळा व्यवस्थापन समितीत जे श्रोते असतील त्यांना, आणि गुरुजींना, माझी एक विनंती आहे. वर्गा-वर्गात एकेक साधा तापमापक टांगा. सकाळी शाळा भरताना, दुपारच्या सुटीत आणि शाळा सुटताना मुलांना तो वाचायला लावा आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहायला लावा. चौथीच्या पोरींना हे काम उत्तम जमतं. वर्षभराची वही झाली की कोणती खोली केव्हा तापते, केव्हा गारठते, हे सगळं त्यात येईल. आणि नव्या खोलीचा विषय निघेल तेव्हा ग्रामसभेत ती वही वाचून दाखवता येईल. तिच्यावर कोणी वाद घालू शकणार नाही.

आणि ज्या दिवशी पायाची आखणी करायला माणसं येतील, त्या दिवशी दुपारी स्वतः जागेवर हजर राहा. होकायंत्र नसलं तरी चालेल. एक काठी जमिनीत उभी रोवा आणि साडेअकरापासून तिची सावली मुलांना मोजायला सांगा. सावली सगळ्यांत आखूड होईल तेव्हा ती जिकडे पडली ती उत्तर, आणि तिच्या पाठची दक्षिण; मे ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंतचे दिवस सोडले तर एरवी हे बिनचूक जमतं. मग नकाशा हातात घेऊन खिडक्या कुठं येतात ते बघा, आणि चुकत असेल तर तिथंच बोला. पण हे सगळं फक्की मारायच्या आत व्हायला हवं. पाया भरल्यावर गेलात तर गवंडी तुम्हाला चहा पाजेल, पण खोली काही फिरवून देणार नाही.